दोन सत्तेचाळीस ते तीन एकवीस

डोळ्यांच्या डॉक्टरने थेंब घालून त्याला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं आणि पुढच्या वीस मिनिटांत जग पातळ होत गेलं. आधी स्वतःची नखं गेली, मग काउंटरवरच्या बाईचं नाक, शेवटी समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. बाहुल्या पूर्ण मोठ्या व्हायला अजून थोडा वेळ लागेल, तोवर डोळे मिटून बसा, असं सांगितलं होतं. मिटून बसायची त्याला सवय होती. गातानाही तो डोळे मिटायचा आणि लोकांना वाटायचं, माणूस भावनेत बुडालाय; खरं तर समोर कोण जांभई देतंय ते त्याला बघायचं नसायचं. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. त्यावर एक माणूस गुडघ्याला लावायच्या मलमाबद्दल पोटतिडकीने बोलला, मग कुणीतरी कुणावर तरी आरोप केले, मग गिटारवर दोन सूर वाजले आणि कुणीसा गाऊ लागला. बरा गातोय, त्याला वाटलं. जरा नाकात, पण बरा. दुसऱ्या ओळीला कळलं की आवाज आपलाच आहे, आणि तिसरी ओळ सुरू व्हायच्या आत त्याचे ओठ ती म्हणायला हललेसुद्धा होते.

ऐकता ऐकता मिटलीस तू, गाणं अर्ध्यावर राहिलं. खिडकीपाशी उभा मी, ऊन तुझ्यावर येऊ नये. ऊन सरकेल तसा सरकेन, तू घाई करू नकोस. राहिलेलं उठल्यावर बोलू.

त्याने डोळे उघडले. टीव्हीच्या जागी एक पांढरा चौकोन होता, कडा विस्कटलेला, आणि त्यात काहीतरी फिकट हलत होतं.

"काय दाखवतायत हो?" त्याने काउंटरच्या दिशेने विचारलं.

"कुठे?"

"टीव्हीवर. मला दिसत नाहीये."

"नवीन पिक्चर येतोय, त्याचं आहे." बाईने रजिस्टर मिटल्याचा आवाज आला. "बाई मरतीये. हॉस्पिटलमध्ये."

"मरतीये कशावरून? झोपली असेल."

"आता काका, पलंग आहे, डोळे मिटलेत, वरून गाणं लागलंय. मरतीयेच. झोपलेल्या बाईला कोण गाणं लावतं?" बाईची खुर्ची करकरली. "पोट हलतंय मात्र. या नट्या मेल्यावरही श्वास घेतात. मी नेहमी पोटाकडेच बघते."

"शेजारी कोण आहे?"

"मुलगी बसलीये. रडत नाहीये, हे एक नवीनच."

"आणि नवरा?"

"नवरा नाही दिसत. असेल कुठेतरी. वेळेला नसतातच ते."

"तोंडावर ऊन आहे का तिच्या?"

"आहे की. चांगलं भरपूर. मागे ही मोठी खिडकी आहे." मग तिचा आवाज थोडा जवळ आला. "तुम्हाला पाणी देऊ का काका?"

पाणी नको होतं. त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला आणि 'संगीत परवानगी' या नावाने असलेला नंबर लावून द्यायला सांगितलं. हे नाव त्याच्या बायकोने फोनमध्ये घालून ठेवलं होतं. माणसाचं नाव घातलं तर तू विसरशील, काम घातलं तर लक्षात राहील, असं तिचं म्हणणं. त्या कामाच्या माणसाने पहिल्याच रिंगला फोन उचलला आणि ट्रेलर पाहिलात का सर, असं इतक्या आनंदाने विचारलं की याला पाहिला असंच म्हणावं लागलं. आपल्या गाण्याचं तिसरं कडवंच घ्यायचं कुणाला सुचलं, हे विचारायचं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "परवानगी मागे घ्यायची मुदत कधीपर्यंत असते हो?" मग तो माणूस जपून, पेशंटशी बोलल्यासारखा म्हणाला की तुमच्या फॉर्मवर तसं कलम आहे, शेवटची प्रत निघेपर्यंत गायकाला नाही म्हणता येतं, आणि प्रत उद्या दुपारी बाराला निघतेय. एक ओळ पाठवलीत तरी पुरे. "पण सर, फॉर्मवर सही तुमचीच आहे. काही राहिलं का आमच्याकडून?" काही नाही, नुसतं विचारलं, असं म्हणून त्याने फोन कानापासून लांब धरला. बंद कुठे करायचा ते दिसत नव्हतं. ते बाईने केलं.

सही त्याचीच होती. ते त्याला आठवत होतं, जसं आपण सकाळी दात घासले हे आठवतं. महिन्यापूर्वी ठमीने, म्हणजे लेकीने, कागद पुढे केला तेव्हा तो गॅसपाशी उभा होता आणि दूध वर यायच्या बेतात होतं. "बाबा, हे जरा नीट वाच," ती म्हणाली होती आणि बाहेर जाऊन बसली होती. त्याने फक्त एक रकाना पाहिला: वापरायचा भाग, दोन सत्तेचाळीस ते तीन एकवीस. फॉर्मवर गाणं शब्दांत लिहीत नाहीत, मिनिटांत आणि सेकंदांत लिहितात. कुठल्या सेकंदाला सुरू, कुठल्या सेकंदाला बंद. त्याला आपलं गाणं सेकंदांत येत नव्हतं, कडव्यांत येत होतं. आणि कार्यक्रमांत गेली वीस वर्षं तो सिनेमांत गाजलेलं आखूड रूपच गायचा, दोन कडवी आणि घरी जा. दोन सत्तेचाळीस म्हणजे मधली शीळ असेल अशी त्याची समजूत झाली. शीळ कुणाला हवी असेल तर नेऊ दे. डावीकडे दूध, उजवीकडे कागद, त्याने सही ठोकली आणि गॅस बंद केला. दोन्ही कामं वेळेत झाल्याचं त्याला समाधानसुद्धा वाटलं होतं. बायकोला मात्र ते सेकंद तोंडपाठ होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेली बाई; लोक किती वेळ बोलतात हे मोजणं हाच तिचा धंदा होता. शून्य बारा ते शून्य शेहेचाळीस म्हणजे पहिलं कडवं, एक वीसपासून धृपद, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची. दोन सत्तेचाळीस म्हटलं असतं तर तिने मान वर केली असती.

पहिलं कडवं सगळ्यात आधी गेलं. एका सिनेमात नायिका बसमधून उतरते, केस मोकळे, मागे कुणीतरी पंखा धरलेला, आणि हे वाजतं. मूळ कडव्यात एक मुलगी एक्स्चेंजच्या जिन्यावर उभी होती, तुटलेल्या पट्ट्याची चप्पल हातात घेऊन, आणि समोरच्या गिटारवाल्या अनोळखी माणसाला विचारत होती, तुमच्याकडे टाचणी आहे का. टाचणी नव्हती. गिटारची एक जुनी तार होती. त्याने त्या तारेने पट्टा बांधून दिला, आणि पुढे एकतीस वर्षं ती त्या चपलेची आठवण काढून त्याच्या हस्तकौशल्याची टिंगल करत राहिली, कारण तार दहा पावलांवरच सुटली होती. त्या मुलीचा चेहरा जिन्यावर कसा दिसत होता हे त्याला त्या सिनेमानंतर नीट आठवेना. कडवं सुरू झालं की जिन्यावर नटी यायची, केस मोकळे. चप्पल मात्र तीच राहिली, तुटकी, आणि नटीच्या हातात ती फार विचित्र दिसे. दुसरं कडवं एका विनोदी सिनेमाने नेलं. त्यात ते एक लठ्ठ माणूस चुकीच्या खिडकीखाली उभा राहून म्हणतो आणि वरून आजी डोकावते. त्या सिनेमात आधी कुत्राही गाणार होता. बायकोने फॉर्मच्या तळाशी 'गायकाच्या अटी' असा जो दोन ओळींचा रकाना असतो, जो कुणी कधी भरत नाही, त्यात लिहिलं: कुत्रा नको. तिची ही पहिली अट. नंतर तिला त्या रकान्याची चटकच लागली. धृपद एका गुन्हेगारीच्या सिनेमात खलनायक हात धुताना वाजणार होतं, तिथे तिने लिहिलं: हात दोनदा धुवावेत, एकदा धुऊन असलं काही निघत नाही. आणि त्यांनी खरंच दोनदा धुतले. प्रत्येक फॉर्मवर परवानगी मागे घ्यायचं ते कलमही तिनेच हाताने लिहून घुसवलेलं, पुढे ते छापूनच यायला लागलं. वापरलं कधीच नाही. "दरवाजाला कडी असली म्हणजे झालं," म्हणायची, "लावायलाच हवी असं थोडंच आहे."

तो कुरकुरायचा. गाणं तुझ्यावरचं आहे, लोकांनी ते बशीसारखं वापरायचं म्हणजे काय, असं काहीबाही. तेव्हा ती म्हणायची, "अरे गवया, गाणं काय वापरून झिजतं का? तुझ्या त्या पँटसारखं?" झिजतं, असं त्याला सांगता आलं नाही, कारण पुरावा देता येण्यासारखा नव्हता. ती समोरच बसलेली होती, चांगली धडधाकट, चष्मा केसांत अडकवून चष्मा शोधणारी. तिचा जिन्यावरचा चेहरा हरवला अशी तक्रार तिच्याकडे कुठल्या तोंडाने करणार. आणि तिसरं कडवं होतंच. ते कुणी मागत नसे. एकदा एका दिग्दर्शकाने ते मन लावून ऐकलं आणि विचारलं, "बाई झोपलीये, माणूस खिडकीत उभा आहे. यात कॅमेऱ्याने काय करायचं?" याला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला होता.

कारण त्यात खरोखर काहीही घडत नाही. सकाळचे अकरा. लग्नाला तीन महिने झालेले, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, खाली दिवसभर टायरमधून हवा सुटत असायची. ती रात्रपाळी करून आली होती, हेडफोनचे वळ कानापासून गालापर्यंत उतरलेले, आणि याने नेमकं तेव्हाच तिला धरून बसवलं, की बस, गाणं पूर्ण झालंय, ऐक. दोन कडवी होती. दुसऱ्याच्या मध्यावर ती आडवी झाली आणि झोपली. तोंड किंचित उघडं. आधी याला राग आला. माणूस आयुष्यातलं सर्वोत्तम काम करतो आणि श्रोता घोरतो. मग खिडकीतून ऊन सरकत उशीपर्यंत आलं. पडदा नव्हता. पडदा घ्यायचा हे तीन महिने चाललं होतं. तो उठला आणि खिडकीत पाठमोरा उभा राहिला, म्हणजे त्याची सावली तिच्या तोंडावर पडेल. ऊन डावीकडे गेलं की तोही डावीकडे. तासभर तो असा खेकड्यासारखा सरकत होता, आणि पाठ भाजत असताना तिसरं कडवं आपोआप झालं. ती उठली तेव्हा त्याने ते म्हणून दाखवलं. ती जांभई देत म्हणाली, "छान आहे. पण मी एवढी काही झोपले नव्हते." तेवढंच. ते कडवं ध्वनिमुद्रणात आलं, तबकडीवर आलं, आणि तिथेच पडून राहिलं, कुणाच्या हाताला न लागता. अडीच वर्षांपूर्वी ती गेल्यावर तो कधीमधी ते मनात म्हणायचा, फक्त तिसरं, आणि ती तिथे असायची. नटी नाही, आजी नाही. तीच, तोंड किंचित उघडं. जगात एवढी एकच जागा होती जिथे ती नुसती झोपलेली होती. आणि आता या लोकांनी तिथेही पलंग नेऊन ठेवला. वरून खिडकी उघडली, तोंडावर ऊन टाकलं. शब्द ऐकतात की नाही हे लोक? ऊन येऊ नये, असं साध्या भाषेत म्हटलंय.

आतून त्याचं नाव पुकारलं. डॉक्टरने एक प्रखर उजेड त्याच्या डोळ्यांत घातला, वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. मोतीबिंदू आहे, घाई नाही. घाई नाही हे ऐकून त्याला ठसका लागला.

ठमी पाच वाजता न्यायला आली. थेंब घातल्यावर एकट्याने जाऊ नये असा नियम होता, आणि ठमी नियम पाळणारी होती, आईवर गेलेली. तिने त्याचा कोपर धरला. रस्ता म्हणजे सगळा पांढरा कल्लोळ होता, गाड्यांच्या काचांवरून ऊन सुयांसारखं येत होतं, माणसं कडेने वितळत होती. "पायरी," ती म्हणायची. "आता खड्डा. आता एक काका, ते सरकत नाहीयेत, आपण सरकू." टॅक्सीत बसल्यावर त्याने वाक्य तयार केलं. तिसरं कडवं कुणी दिलं. चारच शब्द, शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. ते तो उच्चारणार तेवढ्यात ती म्हणाली, "आज ट्रेलर आलाय म्हणे. मी नाही बघितला अजून. हिंमत होत नाहीये."

"हं."

"बाबा, मला तुला एक सांगायचं होतं. थँक्यू."

"कशाबद्दल?"

"सही केलीस त्याबद्दल. मला वाटलं होतं, तू फाडून टाकशील. अटींमध्ये मी जे लिहिलंय ते वाचून." ती खिडकीबाहेर बघत असावी, आवाज तिकडून येत होता. "मला तोंडाने सांगताच येत नव्हतं रे. अडीच वर्षं रोज ठरवायचे, आज सांगू. तू भांडी पुसत असायचास, नाहीतर क्रॉसवर्ड. मग हा फॉर्म आला आणि मला आईचा तो रकाना दिसला. म्हटलं, इथे लिहू. वाचेल, ओरडेल, काय व्हायचं ते होईल. आणि तू काहीच बोलला नाहीस. बाहेर येऊन म्हणालास, दूध तापलंय."

"तापलं होतं," तो म्हणाला.

"तेच ना. मी त्या दिवशी ते दूध प्यायले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हटलं, वाचलंय त्याने. बोलायचं नाहीये त्याला, पण वाचलंय." ती हसल्यासारखा आवाज आला. "तू असाच आहेस. आई म्हणायची, याला प्रश्न विचारला की हा हवामान सांगतो."

ड्रायव्हरने ब्रेक मारला. ठमीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचलला नाही. हाताला तिच्या आईसारखीच सवय होती, अंगठा मुडपून ठेवायची. तयार केलेलं वाक्य त्याच्या तोंडात गोळीसारखं विरघळत होतं आणि कडू लागत होतं. काय लिहिलंयस तू, असं आत्ता विचारता येत नव्हतं. ज्या पोरीने महिनाभर मानलं की बापाने वाचलं, तिला टॅक्सीत सांगायचं की बाप दुधाकडे बघत होता? आणि न विचारता उद्या बाराच्या आत नाही म्हणून कळवायचं, तर ते तिला काय वाटेल: वाचलं, महिनाभर विचार केला, आणि मग नाही म्हणाला. कडवं तरी जाईल, नाहीतर लेक. नीट हिशोब करावा तर डोकं त्या उजेडाने ठणकत होतं.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तो थेट कपाटापाशी. बायकोची बॉक्स-फाईल खालच्या खणात होती, प्रत्येक फॉर्मची प्रत त्यात, सगळ्यात वरची ठमीने लावलेली. कागद त्याच्या हाताला लागला, गुळगुळीत, एका कोपऱ्यात टाचणी. तो खिडकीशी घेऊन गेला. कागद पांढरा होता. मध्ये राखाडी पट्टे, खाली एक दाट डाग, म्हणजे तिचं अक्षर, डागाचा ओघळ समासात गेलेला. त्याने कागद नाकाला लावला, मग हात लांब करून धरला, मग पुस्तकांच्या फळीवर उभा करून चार पावलं मागे गेला. पट्टे आले, गेले. भिंग आणलं, भिंगाने डाग मोठा झाला. वाचून दाखवील असं घरात एकच माणूस होतं आणि ते आत कांदा चिरत होतं. डॉक्टर म्हणाला होता, असर उतरायला तीन-चार तास. म्हणजे सातपर्यंत. तो कागद मांडीवर घेऊन खुर्चीत बसला, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसावं तसा.

काय लिहिलं असेल, हे त्याला ठाऊकच होतं. दोन गोष्टींपैकी एक. एक म्हणजे, तू तिथे नव्हतास. बायको गेली त्या सकाळी ती हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणाली होती, "जा, आंघोळ करून ये. तुझा वास यायला लागलाय." पाच दिवस तो खुर्चीतच होता, वास खरा असणार. तो म्हणाला नंतर जातो. ती म्हणाली, "आत्ता जा, मला सहन होत नाही." नाक मुरडून, नेहमीसारखं. तो गेला. घरी येऊन आंघोळ केली, स्वच्छ बनियन घातलं, पलंगाच्या कडेला बसून एक मोजा चढवला, आणि दुसरा मोजा हातात धरून झोपला. चाळीस मिनिटं. सकाळचे अकरा. ठमीचा फोन आला तेव्हा मोजा हातातच होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक विचारत, तुम्ही होतात का शेवटी? तो म्हणे, वाटेत होतो. वाटेत हा शब्द बरा, त्यात माणूस निदान उभा असतो. ठमीला कळलं असेल का? फोनवर आवाज झोपेचा होता, तिच्या कानातून असलं काही सुटत नाही. दुसरी शक्यता ही की बायकोने शेवटी त्याची आठवण काढली असेल, कुठे आहे तो, असं. ही शक्यता पहिलीपेक्षा वाईट होती. अडीच वर्षं त्याने लेकीला त्या सकाळबद्दल एक शब्द विचारला नव्हता, तो याच भीतीने, आणि लेकीला वाटत होतं, बाप हवामान सांगतो.

सहाच्या सुमाराला छापील मथळा आला: परवानगीपत्र. मग चित्रपटाचं नाव, जे त्याला आवडलं नाही. मग आपली सही, जी घाणेरडी होती. साडेसहाला हाताचं अक्षर सुटायला लागलं, आधी मोठी अक्षरं, मग काने, मात्रा. एखाद्या गढूळ पाण्यात खालचे खडे दिसावेत तसे शब्द एकेक करून वर आले, आणि ते क्रमाने आले नाहीत. 'ऊन' आधी आलं. मग 'जाताच'. तो थांबला. सगळे येऊ दे, म्हणाला, मग वाचू. दहा मिनिटं तो मुद्दाम भिंतीकडे बघत बसला. मग वाचलं.

बाई एकटी नसावी, ठमीने लिहिलं होतं, शेजारी मुलगी असावी. मुलीने रडू नये, कारण ती गाणं म्हणते आहे. बाईने म्हण म्हटलंय आणि मुलीला तिसऱ्या कडव्याशिवाय दुसरं काही आठवत नाहीये. नवरा खोलीत नसावा. तो चुकून बाहेर गेलेला नाही, त्याला बाईने मुद्दाम घरी धाडलेलं आहे. तो गेल्यावर बाई मुलीला म्हणते, बरं झालं गेला, तो असा समोर बसून राहिला तर मला जाताच येणार नाही. हे वाक्य सिनेमात घेऊ नये, पण नटांना माहीत असावं. इथे दोन ओळींचा रकाना संपला होता आणि अक्षर बारीक होऊन समासातून वर चढलं होतं. पडदा ओढू नये. मुलगी पडदा ओढायला उठते तेव्हा बाई नको म्हणते. तिला तोंडावर ऊन आवडतं. लहानपणापासून आवडतं. पण पहिल्यांदा कुणीतरी तासभर मध्ये उभं राहिलं, तेव्हा ती जागीच होती, आणि त्याला सरक म्हणायचं तिच्या जिवावर आलं. हे तिने हसत हसत सांगितलं आणि मुलीला म्हणाली, त्याला सांगू नकोस, गाणं खराब होईल. म्हणून मुलीने सांगितलेलं नाही, लिहिलं आहे. गायकाला मान्य नसेल तर त्याने सही करू नये.

खाली सही होती.

त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला नाही. तिसरं कडवं मनात म्हणून पाहिलं. नटी आली नाही; तिला त्याने पाहिलेलंच नव्हतं, पांढरा चौकोन तेवढा पाहिला होता. सायकल-दुकानावरची खोली आली, उशी आली, आणि उशीवर डोळे मिटून पडलेली एक बाई, जी झोपलेली नव्हती. पापण्या जरा जास्तच घट्ट मिटलेल्या. खिडकीत एक बावळट माणूस, पाठ भाजून घेत, डावीकडे सरकतोय. ती त्याच्या सावलीत मुकाट पडून आहे आणि वाट बघतेय, याचं हे कधी एकदा संपतंय याची. त्याला तिला हाक मारावीशी वाटली आणि कुठल्या खोलीतल्या तिला, ते ठरेना. मनातल्या त्या खिडकीतून तो बाजूला झाला. पुढे काय होतं, ते त्याला दिसलं नाही. उद्या बारापर्यंत जी एक ओळ पाठवायची होती, ती तो पाठवणार नव्हता, हे त्याला एखादी दुसऱ्याची बातमी कळावी तसं कळलं.

ठमी पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसत दारात आली. तिचं तोंड आता कडांसकट दिसत होतं, कांद्याने नाक लाल.

"दिसायला लागलं?"

"लागलं."

"मग लगेच डोळे फोडून काय वाचत बसलायस?"

"फॉर्म."

ती दाराला टेकली. त्याच्या मांडीवरच्या कागदाकडे तिने पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आत कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही.

"परत?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "परत."